पाच घरांचा धूर

सकाळी पाव आणायला खाली उतरताना समोरच्या बंद दाराकडे बघून "काय डॉन सेवेरियानो, बरं आहे ना?" असं विचारायची मला सवय होती. आतून ते काठी दोनदा जमिनीवर आपटायचे. दार उघडायचे नाहीत, उघडलं की थंडी आत येते असं त्यांचं म्हणणं, जुलैतसुद्धा. ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी असंच विचारलं, आणि जिना पुसणारी रेमेदियोस, आमच्या इमारतीची राखण करते ती, फडकं बादलीत टाकून माझ्याकडे बघत राहिली. "कोणाशी बोलताय, बाई? ते तर ऑगस्टातच मुलाकडे गेले, वालेन्सियाला. सामानसुद्धा नेलं." मी म्हटलं, "हो हो, माहीत आहे मला. जिभेची सवय, दुसरं काय." माहीत नव्हतं. पावाच्या रांगेत उभी राहून मी बोटांवर महिने मोजले. दोन महिने मी एका रिकाम्या घराची विचारपूस करत होते आणि आतून काठी वाजत नाही हे माझ्या कानांना कळलं नव्हतं. की वाजत होती? त्या क्षणी मला खरंच छातीठोक सांगता आलं नसतं, आणि भीती वाटली ती त्याचीच. आपण विचारायचं आणि उत्तरही आपणच ऐकून घ्यायचं, असं मी आणखी कुठे कुठे करत आले असेन?

हातमोज्यांच्या दुकानात मी तीसएक वर्षं काढली. गिऱ्हाईक कोपर छोट्या उशीवर टेकवायचं, बोटं वर करायचं, आणि मी एकेका बोटावरून मऊ कातडं खाली सरकवत न्यायचे. शेवटी अंगठा. मला चेहरे आठवत नाहीत, हात आठवतात. माणूस बोलतो एक आणि त्याचा हात सांगतो दुसरंच, हे मला नवऱ्यापेक्षा दुकानाने जास्त शिकवलं. जूनमध्ये दुकान बंद झालं. त्यानंतर दिवस बिनबोटांच्या मोज्यासारखे झाले, कुठे काय घालायचं कळेना. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मुलगी नोएलिया माझ्याच घरात राहात असली तरी ती नर्स, तिच्या पाळ्या अशा की आमची भेट व्हायची ती फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतून. म्हणजे सकाळी ज्याला काही विचारावं असं माणूस एकच होतं, आणि तेही वालेन्सियाला. त्याच दिवशी दुपारी मी आईला फोन केला. आईला हिवाळ्याआधी माद्रिदला आणायचं हे तसं वसंतातच ठरलं होतं. ती गोठ्याच्या पायरीवरून घसरली, आणि डॉक्टर म्हणाले की पुढचा हिवाळा एकटीने काढायचा नाही. मला वाटलं होतं, ही भांडेल, रडेल, फोन आपटेल. ती म्हणाली, "सर्व संतांचा दिवस होऊ दे, मग येते." इतकं सहज, की मला आधी बरं वाटलं आणि मग बरेच दिवस बरं वाटेना. आता मी म्हटलं, "आई, मी आधीच येते. तुझं बांधायला मदत होईल." "बांधायचं काय आहे इथं? पण ये. आणि जोडे नीट आण, तुझे ते दुकानातले नकोत."

आईच्या गावाला, मुरिएलासला, बस येत नाही. ती खालच्या रस्त्यावर सोडते आणि तिथून वर चालायचं, नाहीतर फ्रोइलानची गाडी. फ्रोइलान माझ्या वर्गातला. आता गावचा प्रमुख आहे, म्हणजे गावसभा भरवतो, घंटा वाजवतो, आणि उरलेला वेळ गाईंच्या मागे. "काय गं माद्रिदकर," त्याने माझी पिशवी उचलली, "सामान एवढंच? जाताना मात्र भरपूर होईल." आणि लगेच जीभ चावून गिअर बदलला. वळणावळणाने वर जाताना मी खिडकी उघडली. गाई उंचावरच्या कुरणातून खाली आल्या होत्या, त्यांच्या घंटा धुक्यातून कधी डावीकडून तर कधी थेट डोक्यावरून ऐकू येत होत्या. ओकची रानं तांबूस तपकिरी झाली होती. ओली पानं, शेण, आणि कुठेतरी जळणारं लाकूड. या वासात मी एकोणीस वर्षं राहिले आणि नंतरची चाळीस वर्षं तो अंगावरून धुऊन काढला. आई वरच्या वळणावर उभी होती. आमचं घर गावात सगळ्यांत वर. तिने मला जवळ घेतलं नाही, माझ्या जोड्यांकडे बघितलं. "हे? हे घालून तू वर चढणार? मग मला तुझ्यामागे खाटलं घेऊन यावं लागेल."

दुपारचं जेवण झालं की आम्ही फिरायला निघायचो. डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं होतं, आणि हे ती असं सांगायची जणू डॉक्टरांनी तिला दंड केलाय. गिरणीच्या पाऊलवाटेने ओढ्यापर्यंत, ओढ्यावरून चेस्टनटच्या राईत, आणि गावाच्या खालच्या अंगाने परत. ती हळू चालायची, दर चढावर काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहायची आणि डोंगराकडे असं बघायची की दमली नसून हिशेबच तपासतेय. पण जमिनीवर चेस्टनट दिसला की तिची कंबर पोरीसारखी वाकायची. काटेरी कवच दोन्ही जोड्यांच्या मध्ये धरायचं, एका टाचेने दाबायचं, दुसऱ्या पायाने हलकेच फिरवायचं, की आतला चकचकीत तपकिरी दाणा आपोआप बाहेर. मला हे येत होतं कधीकाळी. आता मी हाताने उचलायला गेले आणि बोटात काटे भरून घेतले. "हातमोजे आणायचे होतेस ना, दुकानभर होते ते," आई म्हणाली. माझ्या लक्षात आलं की तिच्या हाताचं माप मी कधीच घेतलं नव्हतं. तीस वर्षांत एकदाही मला ते सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तिने ते मोजे चेस्टनट भाजताना वापरले असते. ओढ्याचं पाणी काळं, थंड आणि बडबडं होतं. मी तिच्या मागून चालत होते आणि तिच्या पाठीकडे बघत विचार करत होते की माद्रिदला ही कुठे चालेल. आमच्या गल्लीत? बसथांब्यापर्यंत आणि परत? रानातून आणलेल्या झाडासारखी ही माझ्या बाल्कनीत वाळून जाईल, आणि ते मी रोज बघेन.

पहिल्याच दिवशी परतताना ती सुताराच्या घरापाशी थांबली, एप्रनच्या खिशातून किल्ली काढली आणि दार उघडून आत गेली. सुतार मरून जमाना झाला, त्याचा मुलगा बिल्बाओला. आत ओल आणि उंदरांचा वास. आईने टोपलीतून काटक्या काढल्या, म्हणजे टोपलीत चेस्टनटच्या खाली काटक्या होत्या हे मला तेव्हा कळलं, आणि चुलीपुढे बसून जाळ केला. "काय सुतारबुवा," ती चुलीला म्हणाली, "कोपऱ्यात ओल आलीय पुन्हा. पोरगा तुझा लठ्ठ झालाय म्हणे. सून बरी आहे, पण आळशी." म्हणजे हे आमच्या रक्तातच आहे, मला वाटलं. दोघी मायलेकी रिकाम्या घरांशी बोलतो. तिचं वय ऐंशीच्या पुढे आहे, माझं साठ, म्हणजे मला हे वेळेआधीच लागलंय एवढाच फरक. मी अगदी हळू आवाजात विचारलं, "आई, सुतार इथं नाहीये, ठाऊक आहे ना तुला?" तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मला काय वेड लागलंय? बाहेर जाऊन बघ, धूर वर निघतोय की नाही ते." मी अंगणात गेले. पाटीच्या दगडांच्या छपरावरून धूर निघाला होता, आधी पिवळट, मग पांढरा, सरळ वर. खालून आमचे जुने शेजारी उर्बानोकाका गाईला पाणी पाजून येत होते, त्यांनी वर बघितलं, टोपीला हात लावला आणि पुढे गेले. त्यांनी सलाम केला तो मला नव्हता, धुराला होता.

तेव्हा मला आठवलं. आमच्याकडे घर म्हणजे भिंती नाहीत, धूर. सर्व संतांच्या दिवशी, म्हणजे एक नोव्हेंबरला, चर्चमधली प्रार्थना झाली की सगळे चर्चच्या पडवीत जमतात. गावप्रमुख टोपीत घरागणिक एक अक्रोड घेऊन उभा राहतो आणि वरच्या अंगापासून एकेका घराचं नाव पुकारतो. त्या घरचा माणूस म्हणतो, "धूर आहे." म्हणजे हा हिवाळाभर त्या घरात चूल पेटेल. अक्रोड त्याच्या हातावर ठेवतात, तो तिथंच फोडून खातो. उत्तर आलं नाही तर अक्रोड भिंतीवरून पलीकडच्या गवतात फेकायचा, आणि ते घर संपलं. मग त्या घराला रानातल्या लाकडाचा वाटा नाही, सभेत तोंड नाही, आणि त्या घरचं माणूस मेलं तर गावाचा खांदा नाही. स्वतःची चूल पेटती असेल तर शेजारधर्म म्हणून दुसऱ्याच्या घराचंही उत्तर देता येतं, फक्त मग त्याची चूल पेटवायची ती तुम्हीच. लहानपणी मला यातला फक्त अक्रोड आवडायचा. माद्रिदला मी हे कुणाला सांगितलं नाही. कोण ऐकणार, आणि ऐकून हसणार नाही?

आईकडे चार घरांच्या किल्ल्या होत्या. सुताराचं, मास्तरणीचं, दोन दारांचं म्हणतात ते, आणि गिरणीवाल्याचं. त्यांतली दोन माणसं परदेशात, एक कुठे आहे कुणाला ठाऊक नाही, आणि बिल्बाओच्या लठ्ठ पोराला आपलं घर अजून गावात मोजलं जातं हे माहीतही नव्हतं. रोज फिरून येताना एक घर. "पण कशासाठी, आई?" मी मास्तरणीच्या घरात धुराने खोकत विचारलं. ती चूल बदमाश होती, धूर आत ओकायची. "बेलार्मिना आठवते ना?" आई म्हणाली. आठवत होती. बेलार्मिना आईची मैत्रीण, बार्सेलोनाला लेकाकडे गेली, घराला कुलूप घातलं, आणि काही वर्षांनी पेटीत बंद होऊन परत आली. मी तेव्हा नेमकी सुट्टीवर आले होते. काळ्या गाडीतून चार अनोळखी माणसं उतरली, हातात पांढरे सुती मोजे, अगदी स्वस्तातले, शिवणी बाहेर आलेल्या. त्यांनी तिला चढावरून वर नेलं, अडखळत, कारण त्यांना वाट माहीत नव्हती. आणि गाव भिंतीपाशी टोप्या काढून उभं होतं. कुणी पुढे झालं नाही. त्यात राग नव्हता, तिचा अक्रोड फेकलेला होता एवढंच. माझ्या वडलांना याच माणसांनी पावसात खांद्यावरून नेलं होतं, एकाचाही पाय घसरला नाही. "सगळ्यांचे हात शिवशिवत होते त्या दिवशी," आई म्हणाली. "उर्बानो तर मुठी आवळून रडत होता. पण नियम मोडायचा तर सुरुवात कुणी करायची? नियमापेक्षा चूल पेटवणं सोपं. म्हणून मग मी किल्ल्या मागून घेतल्या." तिने फुंकणीने जाळ वाढवला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते सगळंच धुराचं नव्हतं.

त्या दिवसापासून फिरण्यातली मजा गेली, म्हणजे आईची नाही, माझी. रानाला एक सुंदर शांत उजेड असायचा, नेचे गंजलेल्या लोखंडासारखे लाल झाले होते, वाटेवर अळंबी उगवलेली दिसायची आणि आई काठीच्या टोकाने "ही खायची, ही सासूला द्यायची" असं दाखवत पुढे जायची. पण मी मनात बेरीज करत होते. गावात नऊ घरं पुकारली जातात. त्यांतली पाच आईची. मी आईला नेलं की पाच अक्रोड एकाच दिवशी गवतात. चार घरांचं गाव ते काय गाव? आणि हे मला कुणीही बोलून दाखवत नव्हतं. सगळे माझ्याशी इतके चांगले वागत होते की मला घाम फुटायचा. कुणी दारात भोपळा ठेवून जायचं, कुणी धुरावलेलं मांस. फ्रोइलानला मी त्याच्या गोठ्यात गाठलं, तो गाईच्या खुरातला दगड काढत होता. "स्पष्ट बोल, फ्रोइलान. मी आईला नेतेय म्हणून गाव बुडतंय, असंच ना?" त्याने मान वर केली नाही. "आधी तब्येत, नेलिदा. गाव काय, गाव बुडायचं तेव्हा बुडेलच." "ती काही म्हणते का तुला?" "एतेल्विनाबाई? त्या तर खुशीत आहेत. मागच्या रविवारी विचारत होत्या, माद्रिदला गिरण्या किती आहेत." तो हसला, मीही हसले. मला ते हसू पुरलं नाही घरापर्यंत.

कारण मलाही ती असलंच काही विचारायची. ओढ्याच्या दगडावर बसून, चेस्टनटची साल काढता काढता. तुमच्याकडे सकाळी किती वाजता उजाडतं? खालच्या दुकानात पाव आपोआप ताजा असतो का, की लवकर जावं लागतं? लिफ्टमध्ये आपण कोणत्या तोंडाने उभं राहायचं, दाराकडे की भिंतीकडे? समोर कोण राहतं? मी म्हटलं, कुणी नाही. "कुणीच नाही?" ती म्हणाली आणि पुढचा चेस्टनट उचलला. मला तिच्या प्रत्येक प्रश्नात भीती ऐकू यायची. फाशी जाणारा माणूस दोर कसला आहे असं विचारतो, तशी. मी तिचा हात हातात घेतला, पहिल्यांदाच नीट. बोटं आखूड, सांधे फुगलेले, अंगठ्याच्या बाजूला भाजल्याचे जुने डाग एकावर एक. मोठ्या मापाचा पुरुषी मोजा लागला असता. हात सांगतो ते खरं, असा माझा विश्वास, आणि तो हात मला सांगत होता की मला इथून काढू नको. निदान मला तसं ऐकू आलं. उर्बानोकाका वाटेत भेटले. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचं आणि आईचं भांडण इतकं जुनं की कारणाला आता मिशा फुटल्या असतील. ते आईशी थेट बोलत नाहीत, समोर असली तरी मध्ये कुणीतरी लागतं. "नेलिदा, तुझ्या आईला सांग," ते आईच्या देखत म्हणाले, "की शहरात थंडी आतून येते, म्हणावं. जाडी बनियन घे." आई म्हणाली, "नेलिदा, त्याला सांग, स्वतःचं नाक पूस आधी." घरोघरी मातीच्या चुली खऱ्या, पण या दोघांची चूल गेली तीस वर्षं कुणी विझू दिली नव्हती. ती गेल्यावर हा म्हातारा कुणाशी बोलणार नाही, असा एक नवा गुन्हा माझ्या खात्यावर चढला.

सर्व संतांच्या आदल्या दिवशी दुपारी आई टोपली घेऊन निघाली, पण काटक्या घेतल्या नाहीत, केरसुणी घेतली. आम्ही चारही घरं केली. तिने जाळ केला नाही. तिने राख काढली, चूल पुसली, धुराड्याची झडप लावली, खिडक्या बंद केल्या. प्रत्येक दारातून निघताना ती चौकटीवर तळहात टेकवायची, थोडा वेळ, माणूस झोपलंय की जागं हे बघावं तसा. सुताराच्या घरात तिने काही गंमतही केली नाही. मास्तरणीच्या चुलीला फक्त म्हणाली, "तुझा फार ताप झाला बाई मला." मी मागे उभी होते, हातात सुपली धरून. ओरडावंसं वाटत होतं. थांब म्हणावंसं वाटत होतं. पण मग काय? डॉक्टर, पायरी, बर्फ, फोन न उचलणारी आई, एके सकाळी दार फोडणारा फ्रोइलान. मी सुपलीतली राख बाहेर नेऊन टाकली. घरी आल्यावर तिने लसणाचं सूप केलं, आम्ही पावाचे तुकडे बुडवून खाल्ले, आणि ती लवकर झोपली. तिला झोप लागली. मला नाही.

सकाळी धुकं इतकं होतं की चर्चची घंटा दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. थडग्यांवर शेवंतीची फुलं होती. वडलांच्या थडग्यावरचं शेवाळ आईने नखाने खरवडलं. पाद्री घाईत होता, त्याला अजून तीन गावं करायची होती. मग पडवी. सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि फ्रोइलान टोपी पालथ्या छत्रीसारखी दोन्ही हातांत धरून मध्ये आला. अक्रोड टोपीत एकमेकांवर वाजले. यादी वरून सुरू होते, म्हणजे आमच्यापासून. "वरचं घर, एतेल्विनाचं," तो म्हणाला. आई माझ्या शेजारी काळ्या कोटात, नवे जोडे घालून उभी होती. बॅग घरी दाराशी तयार होती. ती काही बोलली नाही. तिच्या चेहऱ्यावर कसलंच दुःख नव्हतं, आणि तेच मला सहन होईना. फ्रोइलानने अक्रोड बोटांत धरला. फेकला नाही. टोपी सावरली, घसा खाकरला, जोड्याकडे बघितलं. धुक्यातून कुणाचीतरी गाय हंबरली. उर्बानोकाकांनी टोपी काढली, बेलार्मिनाच्या दिवशी काढली होती तशी. फ्रोइलानने हात मागे नेला. "धूर आहे," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मला कळलं की कुणी म्हटलं ते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फ्रोइलान सावध माणूस, त्याने विचारलं, "नेलिदा, हिवाळाभर? तुला कळतंय ना?" मी म्हटलं, "इथलीच आहे मी, कळतं मला." आवाज माझाच होता, आणि कुणीतरी मला तो ऐकू आल्याची पावती देत होतं, नऊ-दहा चेहरे, जिवंत, लाल नाकांचे. आईने मान हळूच वळवली. "तुला चूल तरी पेटवता येते का?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. लोक हसले. अक्रोड माझ्या तळहातावर आला. पुढे फ्रोइलानने सुताराचं घर पुकारलं, आणि आईने मला कोपराने ढोसलं. "धूर आहे." मास्तरणीचं घर. "धूर आहे." दोन दारांच्या घराला तिने ढोसायच्या आधीच मी बोलले. गिरणीवाल्याच्या घराला उर्बानोकाका ओरडले, "तिला सांगा, जरा मोठ्याने! आम्ही म्हातारी माणसं!" माझ्या हातात पाच अक्रोड मावेनात. मी ते दगडावर फोडले आणि एकामागून एक खाल्ले. कडसर, दुधाळ, आणि मी रडत होते, उघडउघड, आणि मला त्याची लाज वाटली नाही. मला वाटलं, मी आईला वाचवलं. आता ती राहील, मी राहीन, चालायला जाऊ, माझं माद्रिद गेलं खड्ड्यात.

घरी पोचल्यावर मी तिची बॅग उचलून आतल्या खोलीत न्यायला लागले. "कुठे नेतेस?" आई म्हणाली. "उद्या फ्रोइलान आठला येणार आहे." मला कळेना. "अगं आई, आता कशाला? आपण इथंच राहतोय ना?" "तू राहतेयस," ती म्हणाली. ती खुर्चीवर बसली आणि नवे जोडे काढून पाय चोळू लागली. "मी जाते. नोएलियाशी बोलणं झालंय माझं, ती म्हणाली, आजी ये. पोरी, मी बेलार्मिना गेल्यापासून पाच चुली सांभाळतेय. तापात सांभाळल्या, बर्फात सांभाळल्या, गुडघे गेले तरी सांभाळल्या. तुझ्याकडे येते म्हटलं तेव्हा मला किती हलकं वाटलं, सांगता येत नाही. फक्त त्या चार घरांचं वाईट वाटत होतं, आणि थोडं माझंही, म्हणजे मेल्यावर मला वर नेतील तेव्हाचं. आता ते पण मिटलं." मी बॅग हातात धरून उभी. दोन आठवडे मी हिच्या पाठीकडे बघत जे जे ऐकलं होतं ते सगळं माझंच होतं. "मग बोलली का नाहीस? निदान विचारायचं तरी." "काय विचारू? ये आणि माझ्या जागी धूर खा, असं? कुठल्या तोंडाने? तू आपणहून बोललीस. मी तर चारही घरं पुसून आले होते." मला राग आला, खरा, कानशिलं तापली. मग ती म्हणाली, "मला एकदा बघायचंय नेलिदा, सकाळी उठायचं आणि कुठंच जायचं नाही, हे कसं असतं ते." आणि तो राग कुठे ठेवावा मला कळेना. कारण ते कसं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि तिला ते हवं होतं, आणि मला नको होतं. इतकं सोपं होतं ते.

दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं. उर्बानोकाका पाटापाशी उभे होते, काही काम नसताना. ते पुढे आले आणि पहिल्यांदा थेट तिला म्हणाले, "एतेल्विना, जाडी बनियन घेतलीस?" "घेतली रे बाबा," आई म्हणाली. एवढंच. फ्रोइलानने तिला गाडीत बसवलं, पट्टा लावून दिला. मी खिडकीपाशी वाकले. तिने किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि मास्तरणीच्या चुलीबद्दल सांगितलं, आधी मागची खिडकी उघडायची, मग झडप, मग जाळ, नाहीतर मरशील खोकून. मी मान डोलवत होते. मी म्हटलं, "वसंतात येते हं मी तुला न्यायला." आईने माझ्या गालाला हात लावला, तो खरखरीत, भाजलेला, मोठ्या मापाचा हात. "जिवंत आहे तोवर न्यायला येऊ नको," ती म्हणाली. "मेले की मात्र उशीर करू नको. आणि डाव्या बाजूला उर्बानोला घे, त्याचा खांदा उंच आहे."